पहिल्याला पाऊल लागत नाही

सद्या,

तुझ्या शोकसभेला सात माणसं होती. त्यातली दोन चुकून आली होती. त्यांना शेजारच्या खोलीत कॅन्टीन कमिटीच्या बैठकीला जायचं होतं, पण फोटोला घातलेला हार बघून बिचारी उठायला लाजली. श्रीवर्धनला उतरल्यावर मी आकडा सत्तर सांगितला. म्हसळ्याच्या एसटी स्टँडवर तो दोनशे झाला, आणि तुझ्या गावच्या पायवाटेला लागेपर्यंत खुद्द एक मंत्री दारात चपला काढून आत आला होता आणि रुमालाने डोळे पुसत होता. तू असतास तर म्हणाला असतास, "गजा, मंत्री काढ. दोनशे चालतील."

साहेब बोलले. बोलले म्हणजे घड्याळाकडे बघत तीन वाक्यं म्हणाले. इंग्लंडहून परत आल्यापासून हा माणूस मुंबईच्या हवेवर रागावलेला आहे. त्या दिवशी तो तुझ्यावरही थोडा रागावलेला दिसला, भर कामाच्या वेळेत मेलास म्हणून. "सदाशिव हा अत्यंत प्रामाणिक पंच ऑपरेटर होता," असं म्हणाले. प्रामाणिक! माणसाबद्दल काडीचंही ठाऊक नसलं की हा शब्द बाहेर काढतात. आडनाव तर त्यांनी चुकीचंच घेतलं. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. उठून दुरुस्त केलं नाही. ही माझी जुनी सवय, तुला ती पाठ आहे.

आणि तुझ्याबद्दल मी काय बोलू? तुझ्याइतका मूर्ख माणूस मी अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात दुसरा पाहिला नाही, आणि या जिल्ह्यात मी तीस वर्षं काढली आहेत, म्हणजे निवडीला भरपूर वाव होता. मूर्ख लोक बोलतात, म्हणून ओळखू येतात. तू बोलत नव्हतास. तुझा मूर्खपणा गप्प राहण्याचा होता. त्याच्यावर इलाज नसतो.

पहिली भेट आठवते? मुंबईतल्या त्या संस्थेत ते अवाढव्य यंत्र नुकतं उभं राहिलं होतं. लोकांना मी सांगायचो की ते गेटवेपासून सुरू होतं आणि त्याचं शेपूट भाऊच्या धक्क्यावर लोंबतं. खरं तर एका दिवाणखान्याएवढं होतं, आणि त्याला उकडू नये म्हणून ती खोली इतकी गार ठेवलेली की तू लग्नातली शाल पांघरून कामाला यायचास. मी एम. एस्सी. झालेला, श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाडीतला, पाच बहिणींचा एकुलता भाऊ, म्हणजे गर्वाला काही कमी नाही. तू मॅट्रिक. आम्ही कागदावर लिहून दिलेले हुकूम कागदी पट्टीवर छिद्रं पाडून उतरवायचे, एवढंच तुझं काम. त्या पट्ट्या यंत्र वाचायचं. एक दिवस माझी पट्टी परत आली ती दुरुस्त होऊन.

"ही चूक कुणी बदलली?" मी पंचिंगच्या खोलीत जाऊन ओरडलो.

"मी," तू म्हणालास. शाल सावरत, वरही न बघता.

"मला न विचारता?"

"तुम्ही जेवायला गेला होतात."

त्या उत्तराचा मला इतका राग आला की मी तुला महिनाभर अरे-तुरे केलं नाही. मग केलं, आणि पुन्हा थांबलो नाही.

तू पट्टी डोळ्यांनी वाचतच नव्हतास, हे तर पुढे कळलं. बायका वालाच्या शेंगा चाचपून बघतात, आत दाणा भरलाय की नुसतं टरफल, तशी तू पट्टी बोटांखालून ओढायचास. बोट अडलं की तिथे चूक. लोकांना सांगताना मी तुला आंधळा केला होता. "जन्मांध आहे हो, पण छिद्रावरून बोट फिरवलं की गणित सोडवतो!" दोन प्राध्यापक तुला बघायला आले, आणि तू त्यांच्याकडे सरळ बघून "या, बसा" म्हणालास. माझी अब्रू गेली. जराही साथ दिली नाहीस.

हे छापून आलं तर आपल्याकडच्या लोकांना कळावं म्हणून थोडं सांगतो, तू जांभया देत बैस. त्या यंत्राला आपली भाषा कळायची नाही. म्हणून आम्ही दोघांनी एक दुभाष्या लिहायला घेतला. दुभाष्या म्हणजे माणूस नव्हे, यंत्राच्या पोटात बसवायची एक लांबलचक हुकुमांची यादी. इंजिनीअरने साध्या गणितासारखी ओळ लिहायची. दुभाष्या ती ओळ वाचणार, यंत्राला त्याच्या बोलीत सांगणार, उत्तर आणणार, मग पुढची ओळ वाचणार. चालायचा झकास. एकच व्यंग होतं. त्याला सुट्या वस्तूच कळायच्या. एका नावाचा एक कप्पा, त्यात एक आकडा. बंदराच्या कचेरीतले एक इंजिनीअर आले आणि म्हणाले, दिघीच्या खाडीत दर तासाला किती फूट पाणी असतं याचा तक्ता यंत्राकडून करून हवा, पावसाळ्यात आगबोटी बंद होण्याआधी. चोवीस तासांचे चोवीस आकडे. दुभाष्याला चोवीस नावं द्यायची? आणि महिन्याचं काम निघालं तर? तेव्हा ठरलं की दुभाष्याला रांग शिकवायची. एकच नाव, त्याच्यामागे ओळीने कप्पे. नाव घ्या, कितवा ते सांगा, की त्याने नेमका तो कप्पा उघडावा.

साहेबांनी मला खोलीत बोलावलं. तू दारात उभा होतास, तुला कुणी बस म्हटलं नव्हतं. साहेब माझ्याकडे बघत तुझ्याविषयी बोलले. "हे जमलं तर याला पंचिंगमधून काढून कायमचा तुमच्या हाताखाली देऊ. नाही जमलं तर हा आपल्या खोलीत परत. मॅट्रिकच्या माणसाने यंत्राजवळ रेंगाळू नये, असं कमिटीचं मत आहे."

एवढंच होतं ते सगळं. एका रांगेवर तुझी खुर्ची टांगली होती. माझं काहीच टांगलेलं नव्हतं. हे लक्षात ठेव. मी ठेवलं नाही.

शिमग्याच्या सुट्टीत आपण तुझ्या गावी गेलो. आगबोटीतून दिघीला उतरेपर्यंत मी सात वेळा ओकलो आणि तू माझं डोकं धरून बसला होतास. मी मात्र गावात सांगितलं की सद्याची हालत बघवत नव्हती. तू मान डोलावलीस. हो, म्हणे, फार त्रास झाला. मूर्ख!

तुमच्या खळ्यावर, शेणाने सारवलेल्या त्या लखलखीत अंगणात, आपण यंत्र मांडलं. चुन्याने चौकोन आखले, प्रत्येक चौकोन म्हणजे एक कप्पा. आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या आणल्या होत्या, त्या चौकोनात टाकल्या. जितक्या सुपाऱ्या तितके फूट पाणी. एका चौकोनावर दगड ठेवला, म्हणजे इथून रांग सुरू. गावातली माणसं बघायला जमली. पाचशे म्हणू? तुझ्यासाठी खरा आकडा सांगतो, अकरा आणि एक म्हैस.

खळ्याच्या दुसऱ्या टोकाला तुझा बा, राघोकाका, वालाची रास मापत बसला होता. पायली भरायची, काठावर हात फिरवून सपाट करायची, पोत्यात ओतायची, आकडा म्हणायचा. आपण कप्प्यांवरून भांडत होतो. पहिल्या कप्प्याचा पत्ता काढायचा कसा? मी म्हणत होतो, पहिला म्हणजे एक, तेव्हा सुरुवातीच्या पत्त्यात एक मिळवा. तू म्हणत होतास, पहिला तर सुरुवातीलाच आहे, मिळवायचं काय? दोन तास चाललं. मी तुला गाढव म्हणालो, तू मला "तसंच असेल" म्हणालास, आणि ते गाढवापेक्षा लागलं.

तेवढ्यात काकांनी नवी रास मापायला घेतली. पायली ओतली आणि म्हणाले, "लाभ." दुसरी ओतली, "दोन." मग "तीन."

तू ताडकन उठलास. माझ्या आठवणीत तू तेवढा एकदाच ताडकन उठला आहेस. "बा, इकडं ये. या दगडावर उभा राहा."

"कशाला रं?"

"ये तर. आता हे कप्पे पायलीसारखे मोज. पाऊल टाकत जा."

काका दगडावर उभे राहिले. तिथेच उभ्याने म्हणाले, "लाभ." मग एक पाऊल टाकून, "दोन." आणखी एक पाऊल, "तीन."

"बघितलंस?" तू माझ्याकडे वळलास. "दुसऱ्याला एक पाऊल लागलं. तिसऱ्याला दोन. पहिल्याला पाऊल लागत नाही, गजा. तिथे आपण उभेच असतो. कितवा ते सांगतील त्यातून एक वजा करायचा, आणि तेवढी पावलं टाकायची."

"आन लाभ म्हनायचा," काका म्हणाले. "पयल्याला एक म्हनायचा नसतो. रास हासते."

अकरा माणसं हसली. म्हैसही हसली असावी. मी एम. एस्सी. माणूस चुन्याच्या चौकोनात उभा राहून कुलाबा जिल्ह्यातल्या एका म्हाताऱ्याकडून मोजायला शिकत होतो.

आपण काम वाटून घेतलं. आलेले आकडे रांगेत भरायचं तुझ्याकडे. दगडाच्या जागेपासून, पहिला तिथेच, लाभ. मागितलेला कप्पा शोधायचं माझ्याकडे. "एक वजा तुझ्या भागात आहे हां," तू दोनदा म्हणालास. "करीन रे," मी दोनदा म्हणालो. त्या संध्याकाळी वहिनीने वालाचं बिरडं केलं होतं. मी चार वेळा वाढून घेतलं आणि निजेपर्यंत खात्री करून घेतली की तू जे सांगितलंस ते अडाणी आहे.

सद्या, आता ऐक. हे मी विसरलो असं सांगण्याची माझी इच्छा फार आहे. इतक्या वर्षांत मी इतक्या थापा मारल्या, त्यात ही एक बसली असती. पण विसरलो नव्हतो. मी मुद्दाम एक वजा केला नाही. माझ्या मते पहिला म्हणजे एक. तुझा भाग तू बदलशील, मी सांगेन, तू ऐकशील, असं मनाशी ठरवून मी माझा भाग माझ्या पद्धतीने लिहिला. तुला सांगायचं होतं. रोज सांगायचं होतं. आदल्या दिवशी नक्की सांगणार होतो. आदल्या दिवशी साहेबांनी मला चहाला बोलावलं, आणि त्या चहात मी बुडालो. माझा कागद पट्टीवर चढवायला मी मुद्दाम दुसऱ्या माणसाला दिला होता. तुझ्या बोटांची भीती होती मला, दुसरं काय.

तो दिवस. साहेब, कमिटीतले तिघे, बंदराच्या कचेरीतले इंजिनीअर, आपण दोघे. तू शालीची घडी घालून ती खुर्चीवर ठेवलीस, पहिल्यांदाच. दुभाष्याने पट्टी गिळली, यंत्र खडखडलं, छापखान्यातून निघावा तसा कागद निघाला. इंजिनीअरांनी तो हातात घेतला. त्यांचं बोट खाली खाली सरकत गेलं.

"दहाला जेवढं पाणी असतं तेवढं तुम्ही नऊला दाखवलंय," ते म्हणाले. "अकराचं दहाला. सगळंच एक तास आधी. या तक्त्यावर भरवसा ठेवून कुणी बोट आणली तर ती खाडीच्या गाळात बसेल." मग शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "आणि हे काय? चोविसाव्या तासाला चार हजार एकशे बारा फूट?"

चूक साधी होती. तू भरत होतास दगडापासून, मी शोधत होतो दगडाच्या एक पाऊल पुढून. प्रत्येक तासाला पुढच्याचा आकडा मिळाला, आणि चोविसाव्याला पुढे रांगच नव्हती, म्हणून तिथे जो कचरा पडला होता तो आकडा म्हणून छापून आला.

कमिटी हसली. साहेब हसले नाहीत. "मोजणी कुठून सुरू केली होती?" त्यांनी विचारलं.

मी उत्तर देईपर्यंत तू वाकून पट्टी उचललीस. माझ्या भागाची. बोटांखालून ओढू लागलास. मी बघत होतो. तुझी बोटं एका जागी थांबली. जिथे काहीतरी असायला हवं होतं आणि नव्हतं, तिथे. तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस. फार नाही, जेवढ्या वेळात माणूस एक पाऊल टाकतो तेवढाच वेळ. मी काय केलं सांगू? साहेबांकडे वळून हसलो आणि म्हणालो, "सर, याच्या वडिलांची मोजायची पद्धत आहे. खळ्यावर पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात."

मोठ्याने हसले सगळे. आता साहेबही.

"हो साहेब," तू म्हणालास. "पहिला मी दगडापाशी धरला." पट्टीची गुंडाळी करून टेबलावर ठेवलीस, शाल पांघरलीस आणि पंचिंगच्या खोलीत गेलास. कायमचा.

मी दोन दिवसांनी दुरुस्ती लिहून दिली. एका ओळीची. ती पट्टी पाडायला तुझ्याच टेबलावर आली. तू ती मला आणून दिलीस आणि म्हणालास, "एक वजा. बरोबर आहे." वाण्याने वजन सांगावं तसं. वर ना टोमणा, ना शिवी. दुभाष्या धावू लागला. दिघीचा तक्ता अचूक आला. साहेबांनी माझी पाठ थोपटली. आणि तो दुभाष्या आजही तुझ्या पद्धतीनेच मोजतो. हे फक्त दोघांना ठाऊक होतं, तू गेल्यावर एकालाच.

तू एक शब्द बोलला असतास तर? तेवढंच मला तुझ्या नरडीला धरून विचारायचं होतं. कॉरिडॉरमध्ये बोल, आगबोटीच्या डेकवर बोल, माझ्या घरी जेवायला आलास तेव्हा बोल! नाही. तू माझ्या मुलीला कागदी पट्टीच्या झिरमिळ्या करून द्यायचास आणि हसायचास. मला वाटायचं हा मला क्षमा करतोय, आणि क्षमा करणाऱ्याइतका उद्धट माणूस जगात नाही. मग वाटायचं हा मला मोजतच नाही. तेही सहन होईना. शेवटी मी ठरवलं की तुला काही कळलंच नव्हतं. बोटं थांबली ती सहज. हे सोयीचं होतं, म्हणून बरीच वर्षं टिकलं.

आणि मी त्याची गोष्ट केली. करणारच. श्रीवर्धनला सुट्टीत आलो की पारावर बसून सांगायचो: म्हसळ्याकडच्या एका म्हाताऱ्याने यंत्राला लाभ शिकवला, आणि यंत्राने दिघीच्या खाडीत चार हजार फूट पाणी सोडलं! हरिहरेश्वराचा कळस बुडाला. जंजिऱ्याच्या तोफांतून माशांनी डोकी बाहेर काढली. आमच्या वाडीतल्या सुपारीच्या शेंड्यांवर बोंबील वाळत पडले, आणि आगबोटीचा कप्तान ढगाला नांगर टाकून विडी ओढत बसला! लोक हसून लोळायचे. दरवर्षी पाणी हजार फुटांनी वाढायचं. तूही एकदा ऐकलीस, गर्दीच्या मागे उभा राहून. संपल्यावर जवळ आलास.

"चांगली आहे," म्हणालास. "पाणी जरा कमी कर."

त्यानंतर मी ते वाढवलंच.

तुझा तेरावा झाला तेव्हा मी आलो नाही. कारण सांगितलं होतं कामाचं. खरं कारण हे की तुझ्या घरात मला एकही खोटं वाक्य सुचेना. गेल्या आठवड्यात आलो. भात झोडून झालं होतं. खळ्यावर नवी रास, वर झेंडूची दोन फुलं. वहिनीने पाणी दिलं, "बसा भावजी," म्हणाली आणि आत गेली. दोरीवर तुझी शाल वाळत होती. काका पायली घेऊन राशीपाशी बसले होते. गेल्या वेळेपेक्षा निम्मे झालेत.

"या गजाभाव," म्हणाले. "बसा. आता बोलायला कोन न्हाय, म्हनून मापतोय."

पायली भरली. काठावरून हात फिरवला. पोत्यात ओतली.

"एक."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "दोन," ते म्हणाले. "तीन."

"काका, लाभ म्हणायचं राहिलं."

"राहिला न्हाय. सोडला."

"कधी?"

"झाली वर्सां." पायली हातातच थांबली. "तुमची त्यी गोष्ट न्हाय का, पान्याची? म्हसल्याच्या ष्टँडावर एक जन सांगत व्हता, समदी हासत व्हती. आयकलं मी. माझ्या लाभानं यंत्रात पानी शिरला, आन पोराची खुर्ची गेली. मंग कशाला म्हनायचा लाभ? म्हाताऱ्याच्या त्वांडातला एक सबूद, आन पोरगा जलमभर भोकां पाडीत बसला."

"सदूला विचारलंत?"

"इचारलं. हासला. म्हनला, बा, गजाची गोष्ट हाय, त्याच्यातला पानी निम्मा धर." काकांनी माझ्याकडे बघितलं. "निम्मा धरला. तरी दोन हजार फूट ऱ्हायतं की."

सद्या, त्या क्षणी मला जितका तुझा राग आला तितका कधी आला नव्हता. माझं झाकायला तू स्वतःचं तोंड मिटलंस, ठीक. ती तुझी मालमत्ता. पण खळ्यावरचा तो शब्दही जाऊ दिलास? आपल्या बापाला दरवर्षी नव्या राशीपुढे चोरासारखं "एक" म्हणताना बघत बसलास? कुणासाठी? ज्याने तुला शोकसभेतसुद्धा तुझं आडनाव मिळवून दिलं नाही, त्याच्यासाठी? थू तुझ्या त्या मैत्रीवर, आणि माझ्या जिभेवर दोनदा.

मी राशीसमोर मांडी घातली आणि सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा जेवढं झालं तेवढंच. कळस नाही, कप्तान नाही, बोंबील नाहीत. सांगताना लक्षात आलं, गोष्ट किती लहान आहे.

"काका, तुमचा लाभ बरोबर होता. सदूचं मोजणंही बरोबर होतं. एक वजा करायचा होता, तो माझ्या भागात होता. मी केला नाही. मुद्दाम केला नाही. त्याला ते त्याच दिवशी कळलं. साहेबांनी विचारलं तेव्हा मी तुमच्या लाभावर ढकललं, आणि तो गप्प राहिला. नंतर मी केलं ते त्याचंच. यंत्र आजही तुमच्यासारखंच मोजतं."

दारात वहिनी उभी होती. कधी आली कळलं नाही. तिने दोरीवरची शाल काढली, छातीशी धरली आणि आत गेली. तिचं घर, तिची वर्षं. तिच्याशी काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तुला सुचलं असतं तरी तू बोलला नसतास.

"मंग त्यो चार हजार फूट पानी?" काकांनी विचारलं.

"कागदावर छापून आलं होतं. तेवढं खरं आहे."

"कुनाचा व्हता?"

"माझं."

त्यांनी मान हलवली. कोकणात बाजारात शिळं म्हावरं बघून माणसं जशी हलवतात, तशी. मग पोतं ओढून घेतलं, उलटं केलं आणि मापलेल्या तिन्ही पायल्या परत राशीवर ओतल्या. झेंडूची फुलं गाडली गेली, ती उकरून वर ठेवली. पोत्याचं तोंड माझ्याकडे सरकवलं.

"त्वांड धरा पोत्याचा," म्हणाले. "येवडा तरी जमल ना?"

मी उठून धरलं. त्यांनी पायली राशीत खुपसली, भरली, काठावरून हात फिरवला. हात अर्ध्यात थांबला, पुन्हा फिरला. पोत्यात भात पडलं तेव्हा त्याचा फुफाटा माझ्या डोळ्यांत गेला, असं मी श्रीवर्धनला सांगणार आहे.

"लाभ," काका म्हणाले.

मी "दोन" ऐकायची वाट बघत पोतं धरून उभा राहिलो.